चौघांत एक वाजवतो, तिघे ऐकतात

जॅझ क्वार्टेटच्या कार्यक्रमाला गेलात आणि दोन तास नुसतं सॅक्सोफोनवाल्याकडे बघत बसलात, तर तिकिटाचे पाऊण पैसे वाया गेले असं समजा. पियानो, सॅक्सोफोन, डबल बेस आणि ड्रम्स अशी ही चौघांची मैफल. एक जण रंगात येऊन वाजवत असतो, तेव्हा खरी गंमत उरलेल्या तिघांकडे चाललेली असते. कोण त्याचा सूर अलगद उचलतो, कोण मुद्दाम हात आखडून बसतो, कोण नुसत्या भुवईनं ‘आता तू’ म्हणतो. एकट्या वादकाची तयारी बोटांवरून कळते. चौघांची कळायची तर ते एकमेकांचं किती ऐकतात ते बघावं लागतं.

बंगळुरूत हे सगळं हाताच्या अंतरावरून बघायला मिळतं. व्हाइटफील्डच्या आयटी इमारतींच्या गर्दीत २०१२ साली सुरू झालेलं ‘विंडमिल्स’ हे त्यासाठी गाजलेलं ठिकाण. तिथेच तयार होणारी बिअर, भिंतभर पुस्तकं आणि समोर खास जॅझसाठी बांधलेला रंगमंच. पण या शहराचं जॅझशी असलेलं नातं या बिअरपेक्षा बरंच जुनं आणि चांगलंच तिरपागडं आहे. त्यात मृदंग आहे, घटम आहे, सात तारांचं व्हायोलिन आहे आणि, दचकू नका, शहाजीराजेसुद्धा आहेत.

ठेका, सम, आवर्तन यांवर वाढलेल्या मराठी कानाची अर्धी तयारी घरीच झालेली असते. उरलेल्या अर्ध्या तयारीसाठी हा चिवडा. हवं ते वेचून खा.

पाच मात्रांची भानगड

क्वार्टेट ऐकायला शिकायचं तर डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीपासून सुरुवात करावी, असं माझं स्वच्छ मत आहे. पियानोवर ब्रूबेक, आल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेस्मंड, बेसवर यूजीन राइट आणि ड्रम्सवर जो मोरेलो. जॅझमधले पंडित ‘फारच गोड’ म्हणून यांच्याकडे नाक मुरडतात. मुरडू देत.

१९५९ साली त्यांची ‘टाइम आउट’ ही तबकडी निघाली. कोलंबिया कंपनीतल्या विक्रीवाल्यांना ती खपेल असं वाटत नव्हतं. सगळ्या रचना घरच्याच, ताल असे की नाचणाऱ्याचे पाय अडखळावेत आणि वर मुखपृष्ठावर अमूर्त चित्र! त्याच तबकडीतलं ‘टेक फाइव्ह’ पुढे लाखोंनी खपलं आणि आज जॅझचं नावही न ऐकलेल्या माणसाला त्याची धून ओळखीची वाटते.

हे ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं आहे. अमेरिकनांना त्या काळी चार मात्रांपलीकडे मोजायची सवय नव्हती, म्हणून त्यांना ते अजब वाटलं. आपल्याकडे झपताल ऐकत झोपी गेलेली पोरं आहेत. झपतालात २ आणि ३ असे खंड पडतात, ‘टेक फाइव्ह’मध्ये ते उलटे, म्हणजे ३ आणि २. मनात ‘एक दोन तीन, एक दोन’ म्हणत राहा, अख्खी रचना हातातून सुटणार नाही.

या रचनेचा जन्म मोरेलोच्या चाळ्यांतून झाला. कार्यक्रमाआधी तो मंचामागे पाच मात्रांचे तुकडे वाजवत बसे, डेस्मंड त्यावर काहीबाही फुंकत असे. ब्रूबेकनं डेस्मंडला सांगितलं, यावर काहीतरी रचून आण. त्यानं दोन सुरावटी आणल्या आणि त्या पुढेमागे जोडायची कल्पना ब्रूबेकची. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवशी पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही ते काही जमेना. शेवटी १ जुलैला, दुसऱ्या बैठकीत, ते हाती लागलं.

आता ऐकताना कुठे कान द्यायचा? ड्रम्सचं एकल सुरू होतं तिथे. मोरेलो मोकळा सुटलेला असतो आणि ब्रूबेक पियानोवर तोच छोटा तुकडा न कंटाळता, न सजवता घोटत बसतो. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला लेहरा धरून बसतो, तेच काम. लेहरा धरणाऱ्याचं कौतुक आपल्याकडेही कमीच होतं. कंपनीचा सगळ्यात मोठा तारा, ज्याच्या नावानं तिकिटं खपतात, तो स्वतः लेहरा धरून बसलाय, हे लक्षात आलं की ती दोन मिनिटं वेगळीच ऐकू येतात.

डेस्मंड १९७७ मध्ये गेला. जाताना ‘टेक फाइव्ह’च्या मानधनाचे हक्क त्यानं अमेरिकन रेडक्रॉसच्या नावे केले. म्हणजे जगात कुठल्याही कॅफेत ही धून वाजली की कुठल्या तरी पूरग्रस्ताच्या ब्लँकेटला हातभार लागतो.

आणखी दोन नमुने. ‘ब्लू रोंडो आ ला टर्क’ नऊ मात्रांचं आहे. २+२+२+३ असं तीनदा, मग एकदा सरळ ३+३+३. हा ताल ब्रूबेकनं तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकला होता. १९६१ चं ‘अनस्क्वेअर डान्स’ सात मात्रांचं, टाळ्यांसकट. त्याच्या अगदी शेवटी कुणीतरी हसल्याचा आवाज येतो. तो मोरेलो. शेवटचं अवघड आवर्तन न अडखळता पार पडलं, त्या सुटकेचं ते हसू, आणि कंपनीनं ते तसंच ठेवलं.

आणि हो, ब्रूबेकला पदवी मिळाली ती एका अटीवर. महाविद्यालयाच्या शेवटी शेवटी लक्षात आलं की या पठ्ठ्याला स्वरलिपी धड वाचताच येत नाही. कानावर निभावून नेलं होतं सगळं. ‘संगीत कधीही शिकवणार नाही’ असं वचन घेऊन त्याला पास केलं. शिकवण्यापेक्षा बरंच बरं काम त्यानं पुढे केलं.

राजकोटला जॅझ

हीच चौकडी १९५८ साली भारतात आली होती. अमेरिकी परराष्ट्र खात्यानं शीतयुद्धाच्या धामधुमीत जॅझवाल्यांना सांस्कृतिक दूत म्हणून जगभर पाठवलं, त्यातला हा दौरा. पोलंड, तुर्कस्तान करत मंडळी इकडे आली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, हैदराबाद आणि चक्क राजकोट! १९५८ च्या राजकोटात फाफड्यानंतर जॅझ ऐकलेले श्रोते नेमकं काय बोलले असतील, ते जाणून घ्यायला मी काहीही देईन.

मुंबईत ब्रूबेकची गाठ सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी पडली आणि दोघं एकत्र बसून वाजवू लागले. खाँसाहेब म्हणजे ‘कोहिनूर’मधली आणि ‘गूंज उठी शहनाई’मधली सतार ज्यांची ते. त्यांच्या सोबत बसल्यावर आपल्या पियानोची चाल बदलली, असं ब्रूबेक पुढे आवर्जून सांगत.

मद्रासला जोडी जमली ती मोरेलोची आणि मृदंगवादक पळणी सुब्रमण्य पिळ्ळै यांची. पळणी डावखुरे. कर्नाटक मैफलीत मृदंगवाला गायकाच्या ठरलेल्या बाजूला बसतो, त्यामुळे डावखुऱ्याला कुठे बसवायचं हा सुद्धा वादाचा विषय होऊ शकायचा. मोरेलोची दृष्टी जन्मापासून अधू, पण कान असा की समोरच्यानं वाजवलेलं तो लगेच परत वाजवून दाखवी. लहानपणी तो व्हायोलिन वाजवत असे, नऊ वर्षांचा असताना बोस्टनच्या सिंफनीबरोबर त्यानं एकल वादन केलं होतं. पुढे हायफेट्झचं व्हायोलिन ऐकलं आणि ‘हे आपल्याच्यानं होणार नाही’ म्हणून तो ड्रम्सकडे वळला. हायफेट्झचे आभार मानायला हवेत.

या प्रवासातून ‘जॅझ इंप्रेशन्स ऑफ युरेशिया’ ही तबकडी निघाली. त्यात ‘कॅलकटा ब्लूज’ नावाची रचना आहे. बंगळुरूच्या नावाची नाही. शहरानं ही उणीव पुढे आपल्या पद्धतीनं भरून काढली, ते येईलच.

या दौऱ्याची काळी बाजूही सांगायला हवी. बेसवादक यूजीन राइट कृष्णवर्णीय, बाकी तिघे गोरे. परदेशात लोकशाहीचे दूत म्हणून मिरवणाऱ्या या चौघांना मायदेशाच्या दक्षिण भागात एका मंचावर बसायला बंदी. १९५८ च्या सुरुवातीला एका महाविद्यालयात राइटला मागच्या अंधारात उभं राहण्याच्या अटीवर परवानगी मिळाली. ब्रूबेकनं कार्यक्रमात त्याला सांगितलं की तुझा माईक बंद पडलाय, पुढे ये आणि माझ्या निवेदनाच्या माईकवर वाजव. राइट पुढे आला, सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. १९६० साली राइटला बदला अशी मागणी आली तेव्हा ब्रूबेकनं नकार दिला आणि दक्षिणेतल्या दौऱ्याचे २५ पैकी २३ कार्यक्रम रद्द झाले. चौघांत एकही सुटा भाग नव्हता. चौघांपैकी सगळ्यात शेवटी गेला तोही राइटच, डिसेंबर २०२० मध्ये.

याच चौकडीचं प्रत्यक्ष मैफलीतलं वादन ऐकायचं असेल तर फेब्रुवारी १९६३ चा कार्नेगी हॉलचा कार्यक्रम शोधा. न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्रांचा संप चालू होता, जाहिरात कुठेच नाही, खुर्च्या रिकाम्या राहणार या धास्तीनं मंडळी आली होती. हॉल तुडुंब निघाला. त्या आनंदात चौघं असे काही सुटले की स्टुडिओतला ‘टेक फाइव्ह’ त्यापुढे रियाज वाटतो.

डोक्याला हात लावला म्हणजे

बंगळुरूच्या कुठल्याही जॅझ मंचावर, मग ती चौकडी गिटारवादक जेरार्ड मचाडोसारख्या स्थानिकाची असो की परदेशाहून आलेली, रचनेची घडण बहुधा एकच असते. आधी सगळे मिळून मूळ सुरावट वाजवतात, तिला ‘हेड’ म्हणतात. मग एकेक जण एकल वाजवतो, मग परत हेड आणि खेळ खलास. बंदिश, विस्तार, पुन्हा मुखडा, आपल्याला यात नवं काय?

नवं हे की एकल चालू असताना मागे रचनेची आवर्तनं अखंड फिरत असतात, बहुतेक वेळा ३२ मापांची (एक माप म्हणजे बहुधा चार मात्रा) किंवा ब्लूज असेल तर १२ मापांची. सॅक्सोफोनवाला कितीही भरकटलेला वाटो, तो कितव्या मापावर आहे हे चौघांनाही ठाऊक असतं. बेसवाला प्रत्येक मात्रेवर एक पाऊल टाकत चालतो, म्हणून त्याला ‘वॉकिंग’ म्हणतात. ड्रमवाला डाव्या पायानं दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर झांज मिटतो. टाळी द्यायची असेल तर तिथेच द्या. आपण समेची माणसं, हात आपसूक पहिल्या मात्रेवर पडतो आणि शेजारचा जाणकार हळूच मान वळवून बघतो.

खाणाखुणा ओळखता आल्या तर कार्यक्रम दुप्पट रंगतो. वादकानं बोटानं स्वतःच्या डोक्याकडे खूण केली की अर्थ, ‘हेडकडे वळा’. चार बोटं दाखवली की ‘फोर्स’, म्हणजे ड्रमवाल्याशी चार-चार मापांचा सवालजवाब. बोटं खाली रोखली तर तेवढे कोमल स्वर असलेली पट्टी, वर केली तर तेवढे तीव्र. एखादी पाहुणी गायिका ऐन वेळी मंचावर येते, बेसवाल्याकडे तीन बोटं खाली करून दाखवते आणि पुढच्या क्षणी चौघं तिच्या पट्टीत सुरू. तालीम शून्य. ही विद्या ज्यानं पाहिली नाही त्यानं निदान एकदा बघावी.

माश्या मारायची तार

मंद रचनेत ड्रमवाला काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतो आणि स्नेअर या छोट्या ड्रमवर गोल गोल घासतो. सुं सुं असा आवाज येतो. या ब्रशांचं मूळ कुठे? माश्या मारायच्या फडक्यात! १९१० च्या दशकात अमेरिकेत तारांच्या अशा फडक्याचं पेटंट घेतलं गेलं, माश्या मेल्या की नाही ते देव जाणे, पण ड्रमवाल्यांना ते आवडलं.

अख्खा ड्रमसेटच असा जुगाडातून घडलेला. पूर्वी मोठा ढोल एक जण वाजवी, छोटा दुसरा, झांजा तिसरा. १९०९ साली विल्यम लुडविगनं ढोलासाठी पायानं मारायचा दांडा बाजारात आणला आणि तिघांचं काम एकावर आलं. पगार मात्र एकाचाच. झांजांचं नाव वाचा, बहुतेक वेळा ‘झिल्जियन’ दिसेल. हे आर्मेनियन घराणं १६२३ पासून इस्तंबुलात झांजा ओतत होतं.

आणि सॅक्सोफोन? बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सनं १८४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पितळेचा असूनही त्याची गणती लाकडी सुषिर वाद्यांत होते, कारण त्याच्या तोंडाशी वेताची पत्ती असते. सनईचा दूरचा, श्रीमंत, थोडा बिघडलेला भाऊ.

तकिट तकधिमि

आता बंगळुरूची खरी कमाई. १९६४ साली मृदंगवादक टी. ए. एस. मणी यांनी इथे ‘कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन’ सुरू केलं. त्यांच्या पत्नी आर. ए. रमामणी गायिका. मृदंग, घटम, खंजिरी, मोर्सिंग आणि कोन्नकोल, म्हणजे तोंडानं बोल म्हणण्याची कला, यांचं हे घरच. तीनला ‘तकिट’, चारला ‘तकधिमि’, सातला ‘तकिट तकधिमि’. चालत्या लोकलमध्येही रियाज करता येईल अशी ही एकमेव वाद्यकला असावी, कारण वाद्यच लागत नाही.

या संस्थेशी जोडला गेला बोस्टनचा सॅक्सोफोनवादक चार्ली मरियानो. साधासुधा माणूस नव्हे. चार्ल्स मिंगसच्या १९६३ च्या ‘द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी’ या तबकडीतला आल्टो सॅक्सोफोन त्याचा. जपानी पियानोवादक तोशिको अकियोशीशी लग्न केलं, तर दोघांनी मिळून ‘तोशिको-मरियानो क्वार्टेट’च काढली. पुढे त्याला नागस्वरमचं वेड लागलं आणि पन्नाशीकडे झुकलेला हा प्रसिद्ध वादक दक्षिण भारतीय संगीताचा विद्यार्थी होऊन बसला. १९८३ मध्ये त्याची आणि बंगळुरूच्या मंडळींची ‘ज्योती’ ही तबकडी ईसीएम या जर्मन कंपनीनं काढली. मरियानो, रमामणी, मणी, घटमवर आर. ए. राजगोपाल, खंजिरीवर टी. एन. शशिकुमार. मोजलंत तर पाच भरतात. चौकडीच्या लेखात पाच जण कसे, असं विचारू नका. ऐका. सॅक्सोफोन आणि रमामणींचा आवाज एकमेकांना इतकी जागा देतात की मघाशी म्हटलेलं ‘तिघे ऐकतात’ हे प्रकरण इथे दुसऱ्या भाषेत भेटतं.

जॅझवाल्यांचं कोन्नकोलवरचं प्रेम त्यानंतर वाढतच गेलं. जॉन मॅक्लॉफ्लिननं सेल्वागणेशबरोबर २००७ मध्ये ते शिकवणारी डीव्हीडीच काढली. हा मॅक्लॉफ्लिन म्हणजे ‘शक्ती’वाला. एल. शंकर, झाकिर हुसेन, विक्कू विनायकराम आणि तो, अशी ती सत्तरीतली चौकडी. त्याच्या खास बनवून घेतलेल्या गिटारवर नेहमीच्या सहा तारांखाली आणखी सात तारा तिरप्या लावलेल्या होत्या, झंकारासाठी. तरफांची गिटार!

शहाजीराजे, तंजावूर आणि व्हायोलिनच्या आकाराचं सभागृह

सात तारांवरून चौडय्या आठवले. म्हैसूर टी. चौडय्या यांनी व्हायोलिनच्या चार तारांना आणखी तीन जोडल्या. कारण अगदी रोकडं होतं. माईक नसायचे, साथीला बसायचं ते खणखणीत आवाजाच्या गवयांच्या, आणि मागच्या रांगेपर्यंत व्हायोलिन पोचलं पाहिजे. बंगळुरूनं त्यांच्या स्मरणार्थ १९८० साली सभागृह बांधलं ते थेट व्हायोलिनच्या आकाराचं, खुंट्या आणि तारांसकट. हजारेक श्रोते व्हायोलिनच्या पोटात बसून संगीत ऐकतात. पुण्यात कुणी अशी कल्पना मांडली असती तर आधी दहा वर्षं वाचकांची पत्रं चालली असती.

व्हायोलिन मुळात कर्नाटक संगीतात आलं कसं, या गोष्टीत आपले लोक आहेत. १६३८ मध्ये बंगळुरू विजापूरकरांकडे गेलं आणि शहाजीराजांना जहागीर मिळालं. त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावूरला गेले आणि तिथे भोसल्यांची गादी उभी राहिली. त्याच गादीवर १७९८ ते १८३२ या काळात सरफोजी दुसरे होते, ग्रंथवेडे आणि संगीतवेडे. त्यांच्या पदरी इंग्रजी वाद्यांचा बँड होता आणि चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू हे चार भाऊही होते. जग या भावांना आजही ‘तंजावूर क्वार्टेट’ म्हणतं! भरतनाट्यमच्या मैफलीचा आजचा क्रम त्यांनी बसवला. त्यांतला धाकटा वडिवेलू व्हायोलिनमध्ये इतका मुरला की त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ साली त्याला हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. थोरला चिन्नय्या म्हैसूर दरबारी गेला. म्हणजे जॅझ हा शब्दही जन्मला नव्हता तेव्हा मराठी राजाच्या दरबारी एक क्वार्टेट नांदत होती.

मंगळूरकडचा सॅक्सोफोन

म्हैसूरच्या राजवाड्यालाही पाश्चात्त्य संगीताचं वेड होतं. शेवटचे महाराज जयचामराजेंद्र वडियार लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्ष होते, आणि मेट्नर या रशियन संगीतकाराच्या तबकड्या निघाल्या त्या त्यांच्या पैशानं. याच राजवाड्याच्या बँडमध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या एका नागस्वरम वादकाच्या मुलानं सॅक्सोफोन पाहिला आणि तो हट्टाला पेटला. कद्री गोपालनाथ. गमकं न निघणाऱ्या वाद्यातून गमकं काढायची म्हणजे काय, हे ज्यानं पेटीवर मींड काढायचा प्रयत्न केलाय त्याला विचारा. १९८० च्या मुंबईतल्या जॅझ महोत्सवात कॅलिफोर्नियाच्या जॉन हँडीनं त्यांना ऐकलं आणि सोबत वाजवायला बोलावलं. १९९४ साली ते लंडनच्या प्रॉम्समध्ये वाजवून आले.

पुढचा किस्सा तर कादंबरीत शोभेल. कन्नड आईवडिलांचा, इटलीत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला रुद्रेश महंतप्पा बर्कलीत जॅझ शिकत असताना त्याच्या भावानं थट्टा म्हणून एक तबकडी हातात ठेवली. नाव ‘सॅक्सोफोन इंडियन स्टाइल’, वादक कद्री. थट्टा अंगाशी आली. रुद्रेशनं पुढे कद्रींना गाठलं आणि २००८ साली दोघांचे सॅक्सोफोन ‘किन्समेन’मध्ये एकत्र आले.

त्याआधी २००४ मध्ये रुद्रेशनं आपल्या क्वार्टेटची ‘मदर टंग’ काढली होती, पियानोवर विजय अय्यर. ‘तुम्ही इंडियन बोलता का?’ छापाच्या प्रश्नाला अमेरिकेतल्या भारतीयांनी आपापल्या भाषेत जी उत्तरं दिली, त्या बोलण्याच्या चढउतारांवरून त्यानं रचना बांधल्या. रचनांची नावं: कन्नड, गुजराती, तेलुगू, कोंकणी, तमिळ, मल्याळम. मराठी नाही. न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळानं याची दखल घ्यावी.

बेळगावच्या मुलीचा मुलगा

भानुमती शिरोडकर बेळगावला जन्मल्या आणि शोभा गुर्टू नावानं ठुमरीच्या सम्राज्ञी झाल्या. त्यांचा मुलगा त्रिलोक, जन्म मुंबई, १९५१. जॅझच्या जगात हे नाव मोठं आहे. ‘ओरेगन’ या अमेरिकी क्वार्टेटमधला तालवादक कॉलिन वॉल्कॉट १९८४ मध्ये अपघातात गेला, तेव्हा त्या चौथ्या जागेवर पुढे त्रिलोक बसला. बसला म्हणजे खरोखर जमिनीवर. अर्धं गुडघ्यावर बसून, तबला आणि ड्रम्स एकाच घेऱ्यात मांडून तो वाजवतो, आणि मध्येच घंटा-झांजा पाण्याच्या बादलीत बुडवतो, की सूर वितळल्यासारखा खाली घसरतो. त्याच्या ‘उस्फ्रेट’ या १९८८ च्या पहिल्या तबकडीत गाणारा आवाज कुणाचा? आईचा.

उरलेलं भराभर

सॅक्सोफोनचा बादशहा सॉनी रॉलिन्स साठच्या दशकाच्या शेवटी चक्क पवईच्या चिन्मय आश्रमात राहायला आला होता. १९७८ साली मुंबईत निरंजन झवेरींनी पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली, तेव्हा तो रंगभवनात वाजवायला परत आला.

लंडनला १९६६ मध्ये जो हॅरियट आणि जॉन मेयर यांनी ‘इंडो-जॅझ स्वीट’ केली. त्यातला तबला केशव साठे यांचा. साठे मुंबईहून गेलेले.

जॉन कोल्ट्रेनच्या १९६२ ते ६५ च्या चौकडीला जग ‘क्लासिक क्वार्टेट’ म्हणतं. कोल्ट्रेननं मुलाचं नाव रवी ठेवलं, रविशंकरांवरून. त्याची ‘इंडिया’ ही रचना १९६१ मध्ये मैफलीत वाजली तेव्हा त्यानं दोन बेस घेतले होते. तंबोऱ्याची जोडी हवी ना!

आणि पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र? त्यांच्या ‘अलबेला’मध्ये, १९५१ साली, चिक चॉकलेट नावाच्या गोव्याच्या ट्रंपेटवाल्याचा बँड पडद्यावर दिसतो. भगवानदादा नाचतात ते जॅझवर, हे आपल्या आजीला कुणी सांगितलंच नव्हतं.

२०११ च्या सुमारास लाहोरच्या सचल स्टुडिओच्या वादकांनी ‘टेक फाइव्ह’ सतार-तबल्यावर वाजवलं. नव्वदी ओलांडलेल्या ब्रूबेकनं ते ऐकलं आणि मनापासून दाद दिली.

जायचं ठरवलंत तर

व्हाइटफील्डला गाडीनं निघालात तर पहिली रचना रस्त्यातच संपेल. जांभळी मेट्रो आता काडुगोडीपर्यंत जाते, ती धरा. खुर्ची मिळाली तर ड्रम्सच्या बाजूची घ्या. तिथून पियानोवाल्याचा चेहरा आणि ड्रमवाल्याचे पाय एकदम दिसतात. प्रत्येक एकल संपलं की टाळी देतात, रचना संपायची वाट बघायची नसते. मनापासून ‘क्या बात है’ निघालं तर दाबू नका, वादकांना ते आवडतं. आणि बेसवाल्याचं एकल आलं की आवाज एकदम खाली जातो आणि नेमकी तेव्हाच अख्ख्या हॉलला बोलायची, ग्लास वाजवायची आणि फोन बघायची हुक्की येते. तेवढी दोन मिनिटं कृपा करून गप्प बसा. संध्याकाळभर बाकीच्या तिघांचं ऐकून झालेला तो माणूस आता बोलतोय.